नाशिकमध्ये आर्केड कॅबिनेटचं अ‍ॅक्रिलिक कापून घेताना: कुठलं काम कुणाकडे द्यावं

घरी आर्केड कॅबिनेट, म्हणजे बटणं-जॉयस्टिकवर खेळायचं व्हिडिओ गेम पार्लरसारखं उभं यंत्र, बनवणाऱ्याचं सुतारकाम नाशिकमध्ये अडत नाही. १८ मिमी प्लायच्या दोन बाजू, मागचं दार, मॉनिटरची चौकट, कुठलाही बरा सुतार करून देतो. काम अडतं ते अ‍ॅक्रिलिकपाशी. कंट्रोल पॅनलवरचं आवरण, स्क्रीनभोवतीची चौकट म्हणजे बेझल आणि माथ्यावरची उजळणारी नावाची पाटी म्हणजे मार्की या तीन गोष्टी नीट झाल्या तर कॅबिनेट दुकानातून आणल्यासारखं दिसतं. त्या बिघडल्या तर बाकी सगळं चांगलं असूनही घरगुती वाटतं. शहरात हे काम तीन प्रकारच्या लोकांकडून करून घेता येतं: बोर्ड-ट्रॉफीवाले, सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या यंत्राचे) जाळी कटिंगवाले आणि अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीतले जॉबवर्कवाले. या तिघांच्या सेवेबद्दल हे परीक्षण आहे, कारण प्रत्येकाचं बळ वेगळं आहे आणि चुकाही ठरलेल्या आहेत.

मत आधीच सांगतो. कापणं इथे चांगलं होतं, फिनिशिंग मात्र होत नाही. लेझरमधून कड काचेसारखी चमकत बाहेर येते आणि दुकानदार तिलाच तयार माल समजून हातात देतो. ती चमक म्हणजे वितळून थिजलेला थर असतो, आणि त्यात ताण कोंडलेला असतो. पुढे बटणाभोवती केसासारखे तडे दिसायला लागतात त्यातले बहुतेक या ताणातूनच येतात.

सुरुवात शीटपासून. बाजारात अ‍ॅक्रिलिक दोन जातींचं मिळतं: कास्ट आणि एक्स्ट्रुडेड. दिसायला दोन्ही सारखी. कास्ट दोन काचांमध्ये ओतून घट्ट केलेलं असतं, एक्स्ट्रुडेड यंत्रातून दाबून ओढलेलं. आर्केडसाठी कास्टच घ्यावं. ते लेझरला स्वच्छ कापलं जातं, ड्रिलला चिकटत नाही, घासताना पेपर भरत नाही, आणि स्पिरिट किंवा सॉल्व्हंट लागल्यावर एक्स्ट्रुडेडपेक्षा उशिरा तडकतं. एक्स्ट्रुडेडची एकच बाजू चांगली, जाडी सगळीकडे सारखी असते. कास्टमध्ये ती हलते. आंतरराष्ट्रीय मानक कास्ट शीटला जाडीच्या १० टक्के अधिक ०.४ मिमी इतकी सूट देतं, म्हणजे ३ मिमीची शीट २.३ ते ३.७ मिमीपर्यंत काहीही भरू शकते. खाच आणि जीभ जुळवून जोड करायचा असेल तर शीट हातात आल्यावर चारही कोपऱ्यांना व्हर्नियर (जाडी मोजायचा कॅलिपर) लावा आणि फाइलमधली खाच त्यावर बेतून घ्या.

काउंटरवर विचारलं, ‘दादा, कास्ट आहे का?’ तर उत्तर बहुधा ‘साहेब, एक नंबर माल आहे’ असंच येतं. वाद घालत बसू नका. त्याच शीटचा एक कटपीस लेझरखाली ठेवायला सांगा आणि पैशाएवढ्या जागेत हलकं कोरकाम करून घ्या. कास्टवर कोरलेली जागा पांढरी, खडूसारखी उमटते. एक्स्ट्रुडेडवर ती पारदर्शकच राहते, नुसता खळगा दिसतो. मिनिटभराचं काम आहे आणि यात फसगत होत नाही.

स्वस्तातल्या फोटोफ्रेमची शीट अनेकदा अ‍ॅक्रिलिक नसते, पॉलिस्टायरिन असते. टाइल्सवर टाकली तर पत्र्यासारखी किणकिणते. बारीक तुकडा चिमट्यात धरून पेटवला की काळा काजळीचा धूर सोडते. अ‍ॅक्रिलिक निळसर ज्योतीनं, तडतडत, जवळजवळ बिनधुराचं जळतं आणि फळासारखा गोडसर वास येतो. हे उघड्यावर करा. पॉलिकार्बोनेटचा मोह होतो, कारण ते हातोडीनंही फुटत नाही. पण लेझरला ते चालत नाही, कड पिवळी-तपकिरी होते आणि जळते. शिवाय त्यावर ओरखडे लवकर पडतात. पीव्हीसी फोम शीट तर लेझरवर ठेवूच देऊ नका, त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो आणि माणसाला व मशीनला दोघांनाही बाधतो. चांगला दुकानदार स्वतःच नाही म्हणतो. नाही म्हणाला तर त्याला एक गुण जास्त द्या.

किती माल लागेल? दोन खेळाडूंच्या कॅबिनेटला पॅनल साधारण ७०० × ३०० मिमी, बेझल ६०० × ५०० मिमी आणि मार्की ६०० × २०० मिमी धरली तर पॅनल आणि बेझल ३ मिमी क्लिअरमध्ये आणि मार्की ३ मिमी दुधी शीटमध्ये होते. आठ बाय चारची अख्खी शीट घ्यायची गरज नाही. ३ मिमीची अख्खी शीट साडेदहा किलोच्या आसपास भरते आणि दुचाकीवर नेता येत नाही. बोर्डवाल्यांकडे या मापाचे कटपीस पडलेले असतात, तेच मागा. फक्त दोन्ही बाजूंची संरक्षक फिल्म शाबूत आहे का ते बघा. फिल्म सुटलेल्या कटपीसवर उन्हात धरल्याशिवाय न दिसणारे ओरखडे असतात आणि मॉनिटरचा उजेड पडला की नेमके तेच दिसतात.

आता सेवा. पहिले बोर्ड-ट्रॉफीवाले. नावाच्या पाट्या, एलईडी अक्षरं, मोमेंटो करणारी ही दुकानं शहरभर पसरली आहेत. त्यांच्याकडे सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूचा लेझर असतो. त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, जी अ‍ॅक्रिलिक पूर्ण शोषून घेतं, म्हणून काप स्वच्छ येतो. आर्केडच्या कामाला पहिली पसंती यांनाच. पण जाण्याआधी मशीनचा आकार फोनवर विचारून घ्या. लहान दुकानांत ६०० × ४०० मिमीचं मशीन असतं, त्यात ७०० मिमीचं पॅनल मावत नाही. मग ते शीट सरकवून दोन वेळा कापतात आणि जोडाच्या रेषेवर अर्धा मिलिमीटरची पायरी पडते. १३०० × ९०० मिमीचं मशीन असलेलं दुकान शोधा, त्यावर सगळं एका दमात निघतं.

फाइल तयार करून न्या. या दुकानांत कोरलड्रॉ हे आरेखनाचं सॉफ्टवेअर चालतं, डीएक्सएफ प्रकारची फाइलही उघडते. एकक मिलिमीटर, प्रमाण एकास एक, सगळ्या आकृत्या बंद, अक्षरं कर्व्हमध्ये बदललेली. सगळ्यात जास्त घात करते ती एकावर एक पडलेली दुहेरी रेषा. स्क्रीनवर ती एकच दिसते. लेझर मात्र त्याच वाटेनं दोनदा फिरतो आणि दुसऱ्या फेरीत भोकाची कड करपते, वितळून ओघळते. फाइल उघडल्यावर एक भोक निवडून बाजूला सरकवून बघायला सांगा. खाली दुसरं सापडलं तर लगेच कळेल. फाइलमध्ये १०० मिमीचा एक चौकोनही ठेवा आणि पहिल्यांदा तोच कटपीसवर कापून मोजा. कोरलमध्ये फाइल आणताना इंच-मिमीची गफलत झाली असेल तर ती इथे पकडली जाते, पॅनल कापल्यावर नाही.

लेझरचा काप स्वतः ०.१ ते ०.३ मिमी जागा खातो, म्हणून भोक फाइलपेक्षा किंचित मोठं येतं. बटणं कॅलिपरनं मोजूनच भोकं ठरवा. जपानी पद्धतीचं स्नॅप-इन, म्हणजे दाबलं की पाकळ्यांनी अडकणारं बटण, सान्वा ओबीएसएफ-३० सारखं, ३० मिमीच्या भोकात बसतं आणि स्टार्टचं लहान बटण २४ मिमीच्या. अमेरिकन पद्धतीच्या लांब आट्यांच्या बटणाला एक पूर्णांक एक अष्टमांश इंच, म्हणजे २८.६ मिमी भोक लागतं. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त किटमधली बटणं यातली कुठली आहेत ते पाकिटावर वाचून ठरवू नका, मोजा. कापून झालेल्या भोकात बटण अंगठ्याच्या दाबानं गेलं पाहिजे. हातोडीचा विचारही मनात आला तर भोक लहान आहे. आणखी ०.२ मिमी वाढवा. घट्ट बसवलेलं बटण पहिल्या दिवशी मजबूत वाटतं आणि महिनाभरात त्याच्याच दाबानं तडा जातो.

बटणांमधलं अंतर साधारण ३६ मिमी ठेवायची रीत आहे. ३० मिमीची भोकं ३६ मिमीवर आली की मधे ६ मिमीची पट्टी उरते. ३ मिमी शीटला दुप्पट जाडीएवढी पट्टी म्हणजे काठावरची सुरक्षितता. त्याहून जवळ नेऊ नका, शीटच्या बाहेरच्या कडेपाशी तर नकोच.

इथेच सुतार आणि अ‍ॅक्रिलिक यांची गाठ पडते आणि हमखास बिनसतं. स्नॅप-इन बटणाच्या पाकळ्या ३ मिमी शीटखाली उघडल्या पाहिजेत, म्हणजे खालच्या प्लायमध्ये मोठं भोक हवं. सुताराकडे कपाटाच्या ऑटो हिंजसाठीचं (आपोआप मिटणाऱ्या बिजागरीचं) ३५ मिमीचं बिट तयार असतं, तो तेच लावतो. ३६ मिमी अंतरावर ३५ मिमीची भोकं म्हणजे मधे १ मिमी लाकूड! ते तुटतं, आणि बटणांखाली आधार उरत नाही. यातून मार्ग दोन. जाड प्लायचं पॅनल ठेवायचं तर लांब आट्यांची अमेरिकन बटणं घ्या. ती १८ मिमी प्लाय आणि ३ मिमी अ‍ॅक्रिलिक दोन्हीतून आरपार जातात, नट खालून प्लायवर बसतो आणि अ‍ॅक्रिलिकवर भार येत नाही. जपानी बटणंच हवी असतील तर सहा-आठ बटणांच्या समूहाखाली प्लायमध्ये एकच मोठी खिडकी पाडा, भोवती आधाराची चौकट ठेवा, आणि वरचं अ‍ॅक्रिलिक ५ मिमीचं व बटणं नटाची निवडा. नट हातानं आवळा, पान्यानं नाही.

जॉयस्टिकचंही तसंच. सान्वा जेएलएफसारखी स्टिक १८ मिमी प्लायखाली जशीच्या तशी स्क्रूनं लावली तर वर दांडा आखूड राहतो. खालून राउटरनं खोबण पाडून तिथला प्लाय ६ मिमीपर्यंत पातळ करा. अ‍ॅक्रिलिकमधलं दांड्याचं भोक २४ मिमी ठेवा, वर येणारी काळी चकती ते झाकते.

आता सीएनसी जाळी कटिंगवाले. देवघराच्या जाळ्या, डब्ल्यूपीसीचे (लाकूड-प्लॅस्टिकच्या मिश्रणाचे) नक्षीदार दरवाजे करणाऱ्या या लोकांकडे आठ बाय चारची शीट मावेल एवढे राउटर असतात. ५ मिमीपेक्षा जाड अ‍ॅक्रिलिकसाठी, किंवा कडेला तिरकस उतार किंवा गोलाई हवी असेल तर यांच्याकडे जा. लेझरचा काप जाड शीटमध्ये वरून खाली किंचित निमुळता होतो, राउटरचा सरळ राहतो आणि कडेत उष्णतेचा ताण फार कमी येतो. तक्रार एकच, पण मोठी. मशीनला एमडीएफ कापणारं दोन धारांचं बिट लावलेलं असतं आणि तेच ते अ‍ॅक्रिलिकला चालवतात. दोन धारांच्या मधे कातरण अडकतं, गरम होतं, वितळून परत कापात चिकटतं. बिट फिरत राहतं आणि मागे कड जोडली गेलेली असते. अ‍ॅक्रिलिकला एक धारेचं, ओ-फ्लूट बिट लागतं, ते स्वतः विकत घेऊन न्या. बिटाची फिरण्याची गती जास्त आणि सरक, म्हणजे पुढे सरकण्याचा वेग, कमी ठेवली की माल वितळतो. भुसा पावडरसारखा किंवा दोऱ्यासारखा न येता स्वच्छ चिपा पडायला लागल्या की गती आणि सरक जुळलं असं समजा. हे मशीनवाल्याला सांगितलं तर तो ऐकतो, कारण बिट त्याचं वाचतं.

तिसरे अंबड-सातपूर. वाहनांच्या सुट्या भागांवर उभी राहिलेली ही वसाहत, लेझर कटिंगच्या पाट्या तिथे भरपूर. पण त्यातली बहुतेक मशीनं पत्रा कापणारी फायबर लेझर आहेत. त्यांची तरंगलांबी साधारण १.०६ मायक्रॉन. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकमधून ती किरणं आरपार जातात, शीट कापलीच जात नाही. चक्कर मारण्याआधी फोनवर नेमकं विचारा: ‘सीओटू आहे का? अ‍ॅक्रिलिक कापता का?’ पत्र्याच्या कामाला मात्र हे लोक उत्तम. कंट्रोल पॅनलला खाली १.५ मिमी पत्रा आणि वर ३ मिमी अ‍ॅक्रिलिक असा मेळ घातला तर खिडकीचा, आधाराचा सगळा प्रश्न मिटतो. ज्याला दणके देऊन खेळायचं आहे त्यानं हाच मार्ग धरावा. फक्त पत्रा आणि अ‍ॅक्रिलिक एकाच फाइलमधून कापा आणि स्नॅप-इन बटणाच्या पाकळ्या दोन्ही थरांच्या एकत्र जाडीला पुरतात का ते आधी एका तुकड्यावर तपासा. पुरत नसतील तर नटाची बटणं घ्या.

काप हातात आला की काउंटरवरच तपासा. कड नखानं आडवी चाचपा. बारीक उभ्या रेषा चालतात. खडबडीत, समान अंतरावरच्या ठळक रेषा असतील तर बेल्ट सैल आहे किंवा वेग जास्त होता. कड धुकट पांढरी असेल तर हवेचा झोत जास्त होता. अ‍ॅक्रिलिकला झोत मंद लागतो, एवढाच की ज्वाळा उठू नये. शीटच्या खालच्या बाजूला मधमाशीच्या पोळ्यासारखे ठिपके उमटले असतील तर शीट थेट जाळीवर ठेवली होती आणि किरण खालून उलटून लागले. शीट खिळ्यांवर किंवा पट्ट्यांवर उचलून ठेवली की हे टळतं. फिल्म काढून कापलेल्या शीटवर भोकांभोवती धुराचा पिवळट डाग बसतो, म्हणून फिल्मसकट कापायला सांगा. कागदी फिल्म असेल तर उत्तम. प्लॅस्टिकची फिल्म कडेला वितळून चिकटते आणि ती काढताना नखं जातात.

आता जे कुणी करून देत नाही ते. लेझरची कड चमकते म्हणून तिला हात लावायचा नाही, हा समज सोडा. बाहेरच्या कडा आणि भोकांच्या कडा, दोन्ही घासायच्या. हॅक्सॉ ब्लेडची मागची सरळ बाजू कडेवर उभी धरून अंगाकडे ओढली की बारीक लोकरीसारखं कातरण निघतं आणि वरचा ताणलेला थर जातो. तीन-चार ओढी पुरतात. मग वॉटर पेपर, पाण्यात भिजवून, लाकडाच्या सपाट ठोकळ्यावर गुंडाळून: ४००, ६००, ८००, १२००, शेवटी २०००. राउटरनं किंवा करवतीनं कापलेल्या कडेला २२०पासून सुरुवात करा. प्रत्येक पेपरला आधीच्या पेपरच्या रेषांना आडवं घासा, म्हणजे जुन्या रेषा गेल्या की नाही ते दिसतं. एकही पायरी गाळू नका. ४००वरून थेट १२००वर गेलात तर शेवटी चमक येते आणि चमकेच्या आत ओरखडे तसेच राहतात. २०००नंतर गाडीचं रबिंग कंपाउंड आणि जुनं सुती बनियान. बफिंग व्हील लावायचं तर हलक्या हातानं, एका जागी थांबलं की कड वितळते. भोकांना आतून पेन्सिलवर गुंडाळलेला पेपर फिरवा आणि वरच्या-खालच्या धारेवर एकेक हलका फटका मारून धार मारा. तीक्ष्ण धारेतूनच चीर सुरू होते.

काही दुकानदार कडेवर ज्योत फिरवून चमक देतात. झटपट होतं, दिसतंही छान. पण ताण आणखी वाढतो. अशा कडेला पुढे क्लोरोफॉर्मनं जोड दिला की तिथेच जाळं पसरतं. मार्कीच्या बाहेरच्या कडेला, जिथे काही चिकटवायचं नाही, तिथे चालेल. बटणांच्या भोकांना कधीच नको.

ताण पूर्ण काढायचा खरा उपाय म्हणजे अ‍ॅनीलिंग. फिल्म काढून शीट सपाट पाटावर ठेवून ८० अंश सेल्सिअसला किमान दोन तास, आणि मग भट्टी बंद करून तिच्यातच सावकाश निववणं. ९०च्या पुढे शीट मऊ होऊन वाकायला लागते. घरच्या ओटीजीत मार्कीचे लहान तुकडे, बटणांचे झाकण असले भाग होतात. ओटीजीचा स्वतःचा काटा भरवशाचा नसतो, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. ७०० मिमीचं पॅनल त्यात मावत नाही, तेव्हा पॅनलपुरतं घासणं नीट करा आणि एक नियम पाळा: कापलेल्या कडेला स्पिरिट, सॅनिटायझर, अमोनियावाला काच-क्लीनर, थिनर यांतलं काही लागू द्यायचं नाही. बोर्डवाल्याकडे फिल्मचा गोंद काढायला थिनरचा बोळा हाताशी असतो आणि तो सवयीनं पुसून द्यायला जातो. त्याला थांबवा. कोमट पाणी, थेंबभर भांडी घासायचं लिक्विड आणि मायक्रोफायबर कापड, एवढ्यानं सगळं निघतं.

भोकं घरीच पाडायची असतील तर साधं ड्रिल बिट वापरू नका. त्याची धार शीटमध्ये घुसते, खालच्या तोंडाशी पोचताच शीट बिटावर चढते आणि टवका उडतो. स्टेप ड्रिल बरं: कमी गती, खाली लाकडाचा आधार, दोन्ही सी-क्लॅम्पनं घट्ट, मधूनमधून साबणपाण्याचे थेंब. सरळ काप असेल तर अ‍ॅक्रिलिक कटरनं, म्हणजे आकडीच्या पात्यानं, स्टीलच्या पट्टीला धरून दहा-बारा वेळा चर ओढा आणि टेबलाच्या कडेवर एका झटक्यात मोडा. ३ मिमीला हे उत्तम जमतं, ५ मिमीला कष्ट पडतात, गोलाकाराला जमतच नाही.

बसवताना नाशिकची हवा ध्यानात घ्या. जानेवारीच्या पहाटे पारा १०च्या खाली, एप्रिल-मेमध्ये ४०च्या आसपास. अ‍ॅक्रिलिक दर अंशाला मीटरमागे सुमारे ०.०७ मिमी पसरतं. ६०० मिमीचं बेझल ३० अंशांच्या फरकात सव्वा मिलिमीटर वाढतं किंवा आखडतं, लाकूड त्या मानानं जवळजवळ जागचं हलत नाही. थंडीत घट्ट बसवलेलं बेझल मे महिन्यात पोट काढतं. म्हणून ४ मिमी स्क्रूला ५ मिमी भोक, वर रबरी किंवा नायलॉनचा वॉशर, आणि चौकटीत प्रत्येक बाजूला १ मिमी मोकळी जागा. उलट्या शंकूच्या डोक्याचे स्क्रू अ‍ॅक्रिलिकला लावू नयेत, ते पाचरीसारखे भोक फाडतात. आर्केडला शोभणारे घुमटी डोक्याचे चौकोनी मानेचे बोल्ट हवे असतील तर अ‍ॅक्रिलिकमधलं भोक मानेच्या चौकोनाच्या कर्णापेक्षा मोठं ठेवा: ६ मिमी बोल्टची मान साडेसहा मिमी धरली तर कर्ण ९.२ येतो, भोक १० मिमी. मान लाकडात रुतू द्या, प्लॅस्टिकमध्ये नाही.

बेझलच्या खिडकीला कोपऱ्यात २ मिमीची गोलाई ठेवा, काटकोनी आतल्या कोपऱ्यातून चीर निघते. २४ इंची १६:९ मॉनिटरचं दृश्य क्षेत्र ५३१ × २९९ मिमी असतं. क्लिअर शीटला मागून काळं व्हिनाइल लावून खिडकी ५३३ × ३०१ मिमी ठेवली तर तिरकस बसूनही चित्र कापलं जात नाही. पॅनलचं चित्र छापून शीटमागे लावायचं तर त्यावर मॅट लॅमिनेशन करून घ्या. ग्लॉसी छपाई अ‍ॅक्रिलिकला टेकली की पाणी सांडल्यासारखे डाग दिसतात आणि ते काही केल्या जात नाहीत.

मार्कीच्या दुधी शीटमागे मीटरला ६० दिव्यांची एलईडी पट्टी लावत असाल तर पट्टी आणि शीट यांत किमान ४० मिमी अंतर ठेवा, नाहीतर प्रत्येक दिवा वेगळा ठिपका म्हणून दिसतो. बोर्डवाले या बाबतीत वाकबगार आहेत. त्यांना खोली सांगा, पट्टी कुठली ते तेच ठरवतील. या एका कामात त्यांच्यावर पूर्ण विसंबायला हरकत नाही.

भाव विचारताना शीट आणि कटिंग वेगळं विचारा. शीट चौरस फुटावर, कटिंग कुठे मिनिटावर तर कुठे फुटावर लावतात. दहा-बारा गोल भोकांच्या पॅनलला मिनिटाचा हिशेब सहसा परवडतो, लांब सरळ कापांना फुटाचा. भोकांचे आतले गोल तुकडे मागून घ्या. ३० मिमीच्या त्या चकत्यांवर पेपर आणि कंपाउंड आधी चालवून बघता येतं. गणपती आणि दिवाळीच्या आधीचे आठवडे टाळा, तेव्हा बोर्डवाल्यांकडे रांग असते आणि घाईत वेग वाढवून कापलेली कड घासायला दुप्पट वेळ लागतो.

गाडीवर नेताना पॅनल दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधून उभं, पाठीला टेकवून न्या. आडवं धरलं तर वाऱ्यानं फडफडतं आणि ६ मिमीच्या पट्ट्या बटणांच्या भोकांपाशी मोडतात. फिल्म घरी, बसवण्याच्या वेळीच काढा, सावकाश, एका कोपऱ्यातून, ओलसर कापड मागोमाग फिरवत. झटकन ओढली तर शीटवर स्थिर वीज साठते आणि खोलीतली सगळी धूळ चित्र आणि शीट यांच्या मधे जाऊन बसते.

पाचपैकी गुण द्यायचे तर: १३०० × ९०० मिमीचं सीओटू मशीन असलेले बोर्डवाले साडेचार, अर्धा गुण थिनरच्या बोळ्यासाठी वजा. सीएनसी जाळीवाले, बिट तुमचं असेल तर चार, त्यांचं असेल तर दोन. अंबड-सातपूरचे पत्र्यासाठी पाच, क्लिअर अ‍ॅक्रिलिकसाठी मशीन सीओटू असल्याशिवाय शून्य.